ओरखडा नसलेलं दार

उस्तादच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. गावातल्या निम्म्या दारांची कुलपं ज्याच्या हातची, त्याच्याच घरी ही तऱ्हा! लोक हसले असते, पण लोकांना ठाऊक नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठला आणि घरातल्या सगळ्या कड्या, बोल्ट, खिट्ट्या एकेक करून उतरवल्या. पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला. बायको मागे मागे फिरत होती. "अहो, काय चाललंय काय? बाथरूमची तरी राहू द्या!" त्यानं बाथरूमचीसुद्धा काढली.

सतरा वर्षांची पोरगी त्या घरात. दाराला आतून बादली टेकवायची, बादलीत पाणी भरून ठेवायची आणि अंघोळ उरकायची. तेवढ्यातही हा दर दोन मिनिटांनी बाहेरून विचारायचा, "आहेस ना गं?" "आहे हो बाबा, जाणार कुठं?" पहिले आठ दिवस ती हसली. मग चिडली. मग रडली. दीड महिना तिनं सोसलं आणि एके दिवशी दप्तर-कपडे उचलून दोन गल्ल्या पलीकडे आत्याकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "ज्या दिवशी कडी बसेल, त्या दिवशी परत येईन. नाहीतर तीन महिन्यांनी वसतिगृहाचा फॉर्म भरायचाय, त्यावर सही करा. मग मी इथं नाही आणि आत्याकडेही नाही."

एकुलती एक पोर. बरं, कडी बसवणं म्हणजे त्याच्या हातचा मळ, चार स्क्रूंचं काम. तीनदा त्यानं ड्रिल मशीन हातात घेतलं, तीनदा दारासमोर उभा राहिला, आणि तीनदा खाली ठेवलं. कारण दारासमोर उभं राहिलं की त्याला ती टकटक ऐकू यायची.

तर आता ती टकटक कुठून आली, ते सांगायला हवं.

गावात एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. एकट्या राहायच्या. आजूबाजूला दोन-तीन चोऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी उस्तादला बोलावून घेतलं. "माझी भाची काळजी करते रे. तिचं म्हणणं, झोपायच्या खोलीला आतून चांगली भक्कम कडी बसव." उस्तादनं मन लावून काम केलं. जाड दांड्याची कडी, चौकटीत लोखंडी पट्टी, फटीवर आतून लाकडी रीप, म्हणजे बाहेरून चोराला पातं सरकवायला जागाच नको. काम झाल्यावर बाईंनी कडी तीनदा लावून पाहिली. "शाबास," म्हणाल्या. शाळेत असताना त्यांनी त्याला कधी शाबास म्हटलं नव्हतं. तो दिवसभर हवेत होता.

पंधरा दिवसांनी, सकाळचे दहा वाजले असतील, शेजारचे पोस्टमास्तर दुकानात धापा टाकत आले. बाई उठल्या नाहीत, दुधाची पिशवी तशीच आहे, बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते म्हणून आत गेलो, तर झोपायची खोली आतून बंद, हाकेला ओ नाही. उस्ताद पिशवी घेऊन पळाला. खोलीची खिडकी गजांची, आतून बंद. दारापुढं पाच-सहा माणसं जमलेली. पोस्टमास्तर म्हणाले, "तोडू या का?"

आणि इथं उस्तादचा घात झाला. त्याच्या दुकानावर पाटी आहे, मोठ्या अक्षरांत: 'कोणतंही दार न तोडता उघडून मिळेल.' सव्वीस वर्षांत त्यानं एक दार फोडलं नव्हतं. वडिलांनी धंदा शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती, फोडतो तो चोर, उघडतो तो कारागीर. त्यात हे दार त्याच्याच हातचं. तो म्हणाला, "तोडायचं नाव काढू नका. सरका बाजूला. मी उघडतो."

त्यानं वाकवलेली तार फटीत घातली आणि कान दाराला लावला. तेव्हा आतून आवाज आला. टक, टक. लाकडावर लाकूड, बहुतेक काठी. खालून, फरशीजवळून. इतका हळू, की दाराला कान लावलेल्या माणसालाच ऐकू यावा. उस्तादला काय वाटलं सांगू? त्याला हायसं वाटलं. जिवंत आहेत, म्हणजे वेळ आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. आणि तो घाई न करता, अगदी निगुतीनं, त्या जाड दांड्याला केसाकेसानं सरकवत राहिला. मागे कुणीतरी विचारलं, "काही आवाज येतोय का?" तो म्हणाला, "जरा गप्प बसा, काम करू द्या."

चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंचवीस मिनिटं टकटक चालू होती. दार उघडलं तेव्हा बाई चौकटीशी पडलेल्या होत्या, काठी हाताखाली. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. कुणीतरी विचारलं, आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "ते कुणी सांगू शकत नाही हो."

बाहेर पडताना पोस्टमास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कमाल आहे तुझी. दाराला एक ओरखडा नाही."

आठवडाभर गावभर तेच. एक ओरखडा नाही! न्हाव्याच्या दुकानात तेच, चहाच्या टपरीवर तेच. उस्ताद हसून मान डोलवायचा. बाईंच्या अंत्ययात्रेला तो गेला नाही, अंगात कणकण आहे म्हणाला. टकटकीबद्दल तोंडातून ब्र काढला नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

पण आवाज काही त्याला सोडेना. भर दुपारी दुकानात किल्ली घासायला घेतली की यंत्राच्या घरघरीखालून टक, टक. चांभाराची हातोडी, स्वैपाकघरात पोळपाटावर लाटणं, पोरगी अभ्यास करताना टेबलावर पेन आपटायची ते, सगळ्यातून तेच. आवाज आला की उठून जवळचं दार ढकलून बघायचं. लोकांची दारंसुद्धा! एकदा शिंप्याच्या घरात घुसला, शिंपीण किंचाळली. "वास आला गॅसचा," म्हणून वेळ मारून नेली.

शेवटी बायकोनं हात टेकले आणि त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली, रक्तदाब बघितला, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "सरकारी दवाखान्यात एक मॅडम बसतात, मंगळवारी. क्लिनिकल सोशल वर्कर. त्यांच्याशी बोला."

"बोलून काय होणार?" उस्ताद म्हणाला.

"न बोलून काय झालं?" बायको म्हणाली.

आता लहान गावात असा माणूस गाठणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मोठ्या शहरात जावं, चौथा मजला गाठावा, कोण बघतंय! इथं त्या मॅडमना अख्खं गाव 'बोलायच्या मॅडम' म्हणायचं. वर्षभरापूर्वी बदलून आल्या होत्या, दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या. त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, एक्स-रेच्या पुढं. बाहेर एक बाक. आणि तो बाक असा, की औषधाच्या रांगेतल्या प्रत्येकाला त्यावर कोण बसलंय ते दिसावं. कुणाच्या सुपीक डोक्यातून ती जागा निघाली होती देव जाणे.

उस्ताद नाक मुठीत धरून केसपेपरच्या खिडकीशी गेला. पिशवी खांद्यावर, सवयीनं.

"काय होतंय?" खिडकीवाला.

"झोप नाही. कानात आवाज येतात."

"कानाचे डॉक्टर शुक्रवारी."

"नाही... त्या मॅडम..." त्यानं आवाज अगदी खाली आणला.

"हां, डोक्याचं!" खिडकीवाल्यानं कॉरिडॉर दणाणून सोडला. "शेवटची खोली!"

रांगेतल्या माना वळल्या. न्हावी रांगेत होता. "उस्ताद? तुम्ही?"

उस्तादनं पिशवी वर केली. "कुलूप बिघडलंय म्हणे त्यांचं."

"असं होय!" न्हाव्याचा जीव भांड्यात पडला आणि माना पुन्हा सरळ झाल्या.

अशा रीतीनं तो त्या खोलीत शिरला, कारागीर म्हणून. मॅडम पस्तिशीच्या असतील. साधा ड्रेस, टेबलावर पाण्याची बाटली, दोन खुर्च्या समोरासमोर नाही तर जरा तिरक्या ठेवलेल्या. "या, बसा," त्या म्हणाल्या. हा बसला नाही. दार बघू लागला. आणि बघता बघता थबकला. दाराला आतून कडी नव्हती. स्क्रूंची चार भोकं तेवढी होती.

"कडी कुठं गेली?"

"मी काढायला लावली. इथं रुजू झाल्यावर पहिलं काम तेच. कधी कधी इथं येणाऱ्या माणसाची अवस्था अशी असते, की त्यानं स्वतःला आत कोंडून घेतलं तर आपण बाहेर काय करणार?"

उस्तादला एकदम भरून आलं. चार महिने घरच्यांनी त्याला खुळ्यात काढलं होतं, आणि इथं शिकली-सवरली बाई तेच करून बसली होती. त्याला वाटलं, हिला सांगता येईल. पण जीभ उचलेना. त्यानं बिजागऱ्यांना तेल घातलं, करकर थांबवली आणि निघून आला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेला. टेबलाचा खण अडकत होता, तो सरळ केला. त्याच्या पुढच्या मंगळवारी फायलींच्या कपाटाचं कुलूप. प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, "बसा ना," आणि हा म्हणायचा, "पुढच्या वेळी." चौथ्या मंगळवारी त्या हसल्या. "उस्ताद, माझ्या खोलीत आता बिघडलेलं काही शिल्लक नाही. तुम्ही काहीतरी मोडल्याशिवाय तुम्हाला यायला निमित्त राहणार नाही."

तो खुर्चीत बसला. पिशवी मांडीवर घट्ट धरून. घरी वसतिगृहाचा फॉर्म सहीसाठी येऊन पडला होता, मुदत संपायला बारा दिवस उरले होते.

"पाच महिने होत आले," तो म्हणाला. "एक दार उघडलं मी. एका मास्तरीणबाईंचं."

मॅडमनी हात वर केला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "थांबा. पुढं बोलू नका. आधी मला एक सांगायलाच हवं, नाहीतर तो तुमच्याशी दगा होईल. त्या माझ्या मावशी; गावात हे नातं मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. बदली घेऊन मी या गावात आले ती तिच्यासाठीच. त्या दिवशी मी ट्रेनिंगला होते, बाहेरगावी."

उस्तादच्या कानात टकटक सुरू झाली. माझी भाची काळजी करते रे. ती भाची ही!

"त्यामुळं या बाबतीत मी तुमचं ऐकून घेऊ शकत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. पेनाचं टोपण त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं. "मला ते नीट जमणार नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात माझ्यासारख्याच एक आहेत, बुधवारी आणि गुरुवारी बसतात; तुम्ही गुरुवारी जा. दोन तासांचा बस प्रवास आहे. मी चिठ्ठी देते." चिठ्ठी लिहिताना त्यांनी वर पाहिलं नाही. विचारलंही काही नाही. पण त्यांना विचारायचंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो उठला, चिठ्ठी घेतली आणि दारात थांबून, न विचारताच म्हणाला, "मी उघडलं, तेव्हा आत सगळं शांत होतं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंत."

शब्द न् शब्द खरा. आणि सगळं मिळून धडधडीत खोटं. बाहेर आल्यावर त्याला कॉरिडॉर संपता संपेना.

चिठ्ठी त्यानं त्या कड्यांच्या डब्यात टाकली. गुरुवार आला आणि गेला. शनिवारी बहिणीचा, म्हणजे पोरीच्या आत्याचा, निरोप आला, "दादा, पोरगी रोज फॉर्मचं विचारते. मी आता तिला काय सांगू?" मग उस्तादनं मनाचा हिय्या केला. म्हटलं, नाही त्या चिठ्ठ्या-चपाट्या, कडी बसवली की पोर घरी येते, विषय संपला. रविवारी सकाळी त्यानं बाथरूमच्या दाराला कडी बसवली. आणि बायकोला आत्याकडे पिटाळलं.

पोरगी धावत आली. कडी बघून बापाच्या गळ्यातच पडली. "लावून बघू?" आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. आणि आतून तिनं गमतीनं दारावर बोट वाजवलं. टक, टक. "बाबा, लागली हो! आता विचारा, आहेस ना म्हणून!"

बायको सांगते, त्यानं हाक मारली नाही, काही नाही. दोन पावलं मागं सरला आणि खांदा घालून दारावर आदळला. कडी चौकटीचा ढलपा घेऊन उचकटून आली. पोरगी भिंतीला चिकटून उभी, डोळे विस्फारलेले, कपाळावर दाराची कड लागून रक्ताची रेघ. उस्ताद मोडक्या दारावर गुडघे टेकून बसला होता. तो तिच्याकडे बघतच नव्हता, त्या उचकटलेल्या लाकडाकडे बघत होता.

"चार सेकंद," तो म्हणाला. "चार सेकंद लागले गं फक्त."

मग त्यानं तिथंच, ओल्या फरशीवर बसून, बायकोला आणि पोरीला सगळं सांगितलं. काठी, फरशी, पंचवीस मिनिटं, डब्यातली चिठ्ठी. बायकोनं तोंडाला पदर लावला. पोरगी कपाळावर ओला रुमाल धरून शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. संध्याकाळी मात्र आत्याकडे परत गेली.

मंगळवारी तो दवाखान्यात गेला तो हात हलवत. पिशवी नाही. खिडकीवाला म्हणाला, "आज काय मोडलं?" उस्ताद सरळ बाकावर जाऊन बसला, औषधाची अख्खी रांग बघत होती तरी बसला. नंबर आल्यावर आत गेला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"मॅडम, मी खोटं बोललो. टकटक येत होती. बाई दारापाशी होत्या. मला ऐकू येत होतं आणि मी दार फोडलं नाही."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मग मॅडम म्हणाल्या, "आज मी इथली मॅडम नाही. तिची भाची आहे. त्यामुळं तुम्हाला बरं वाटेल असं मी आज काही बोलणार नाही. बोलता येणार नाही मला. कळतंय?"

"कळतंय."

"ती टकटक थांबली, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

हा प्रश्न त्याला पाच महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि तो स्वतःला दुसरं काही विचारतच नव्हता. "तार बदलत होतो," तो म्हणाला. "जाड तारेनं दाराचा रंग निघत होता. म्हणून बारीक घेतली."

मॅडमनी दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "कडी बसव म्हणून मी तिच्यामागं लागले होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही आता जा. इथं आपण दोघं एकमेकांच्या उपयोगाचे नाही. गुरुवारी त्या बाईंकडे जा. ती चिठ्ठी कुठंय?"

"आहे. डब्यात."

"जाच मात्र."

"तुम्ही कुणाकडे जाता?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांच्याकडेच," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी."

तो घरी आला तेव्हा बाथरूमचं दार तसंच भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, चौकटीवर बायकोची जुनी चादर. आणि उंबऱ्याशी पोरीच्या चपला. ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती. कपाळावर पट्टी. फॉर्म टेबलावर पडला होता, कोरा.

"बसवतो दुसरं दार," तो म्हणाला. "बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवतो."

"दार नंतर," ती म्हणाली. डब्यातल्या कड्यांखालून तिनं चिठ्ठी शोधून काढली, मळलेली, तेलाचा डाग पडलेली. "गुरुवारी पहिली बस सातची आहे. मी येतेय बरोबर. बाहेर बाकावर बसेन, आत काय बोललात ते विचारणार नाही."

स्टुलावरून उतरताना तिच्या हातातला डबा माळ्याच्या कठड्याला दोनदा लागला. टक, टक. उस्ताद दचकला, दाराकडे धावणार तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

"मी आहे बाबा," ती म्हणाली. "पण त्या बाई आता नाहीत."